काळी गेली, पांढरी राहिली: सीनाकाठचं एक प्रकरण

आशाताईंचा फोन आला तो पखवाजामुळे. "ताई, अण्णांनी पखवाज देवळात आणून ठेवलाय. म्हणले, आता पोरांना वाजवू द्या. मला काय ते बरं वाटंना."

गावाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. पुजाऱ्याने तर कौतुकच केलं होतं. पण आशाताईंची आई त्याच भजनी मंडळात टाळ धरते. हा माणूस पखवाजाला लावायची कणीकसुद्धा दुसऱ्याला मळू देत नाही, हे आशाताईंना लहानपणापासून ठाऊक होतं. मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प चालतो. आशाताई त्या कामात होत्या, त्यामुळे जिवापाड जपलेली वस्तू कुणी अचानक देऊन टाकली तर तो जीव नकोसा झाल्याचा इशारा असू शकतो, थांबून विचारायचं, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं. अण्णा हसले आणि म्हणाले, "कशाला हवाय आता?"

मी धाराशिव जिल्ह्यात मानसोपचार विभागात समाजसेविका आहे. हे प्रकरण लिहायला अण्णांनी आणि काकूंनी होकार दिला आहे. गाव, नाती आणि काही तपशील मी बदलले आहेत, म्हणून गावाचा अंदाज बांधत बसू नये. सीना नदीच्या काठाला अशी घरं बरीच आहेत.

काय झालं होतं

सप्टेंबर 2025. त्या वर्षी घटस्थापना 22 तारखेला होती. त्याच्या मागच्या-पुढच्या रात्रींत परंडा-भूम भागात जो पाऊस झाला, तो इथल्या म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. परंड्याकडे माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. अण्णांचं घर गावठाणात, उंचावर. जुनी माणसं गावठाणाला पांढरी म्हणतात आणि रानाला काळी. पांढरी वाचली. काळीत त्यांची वस्ती होती, तिथे गोठा. चार जनावरं: दोन गाई, एक दुभती म्हैस आणि तिचीच पहिलटकरीण, गाभण असलेली लेक. अण्णा नेहमीसारखे वस्तीवर झोपले होते.

पहाटे पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा ते आधी गाईंकडे गेले, कारण त्या दाराजवळ होत्या. दोन्ही सुटल्या, पोहत वर आल्या आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिवारात सापडल्या. म्हशींच्या दाव्याला निरगाठ होती. म्हैस दांडगी, सुरगाठ ओढून सोडवायची, म्हणून त्यांनी स्वतःच वर्षभरापूर्वी गाठ बदलली होती. भिजलेला दोर फुगतो, गाठ आवळत जाते. विळा घरी राहिला होता. पाणी छातीला लागलं तोवर ते दातांनी गाठ सोडवत होते. मग शेजारच्या पोराने त्यांना बखोटीला धरून ओढून नेलं.

पाणी उतरल्यावर पाच एकरांपैकी साडेतीन एकर रान खरडून गेलेलं दिसलं. सोयाबीन गेलं, ते ठीक, पीक दरवर्षी कुठे ना कुठे जातंच. पण मातीच गेली. खाली मुरूम आणि गोटे उघडे पडले. म्हशी सापडल्या नाहीत.

पहिली भेट, आणि माझी चूक

मी नोव्हेंबरच्या मध्यात गेले. अण्णा, वय 63, ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले. दाढी वाढलेली, गळ्यात तुळशीची माळ. दारू नाही, तंबाखू पूर्वी होती. मुलगा चाकणला कंपनीत, सून-नातू तिकडेच. काकूंनी पाणी दिलं आणि आत गेल्या, पण चौकटीमागे उभ्या राहिल्या.

अण्णांनी दाव्याची हकीकत सांगितली. सलग, कोरड्या आवाजात, पंचनाम्याला सांगावी तशी. आणि मी ते बोलले जे गावातल्या प्रत्येकाने आधीच बोलून झालं होतं: "अण्णा, तुम्ही वाचलात हे किती मोठं आहे. नातवाकडे बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बघतो की," म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटं मी प्रश्न विचारले, त्यांनी हो-नाही एवढंच दिलं.

ही चूक मी सविस्तर लिहिते, कारण आमच्या क्षेत्रात ती फार होते आणि चांगल्या मनाने होते. व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ, नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले. जगण्याला अर्थ मिळतो तो तीन वाटांनी, असं त्यांनी मांडलं. काही घडवण्यातून, काही अनुभवण्यातून किंवा कुणावर जीव लावण्यातून, आणि तिसरी वाट म्हणजे टाळता न येणाऱ्या दुःखासमोर आपण कसे उभे राहतो त्यातून. प्रशिक्षणात ही तिसरी वाट आम्हाला फार भावते. पण ती वाट ज्याची त्याने चालायची असते. दोन महिन्यांपूर्वी दातांनी गाठ सोडवणाऱ्या माणसाला बाहेरच्या कुणी येऊन ती दाखवली, की त्याला ऐकू येतं ते एवढंच: तुझं दुःख आता आटप.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र नीट केली. उठण्याआधी सरळ विचारलं, "अण्णा, जगूच नये, स्वतःला संपवावं असं मनात येतं का?" चौकटीमागे काकूंच्या बांगड्या वाजल्या. अण्णा म्हणाले, "संपवावं असं न्हाई. पण सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली." असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, हे मी काकूंना बाहेर येऊन समजावलं. पुन्हा असं काही बोलले तर एकटं सोडायचं नाही, मला किंवा आशाताईंना लगेच कळवायचं, हेही ठरवलं. फवारणीची औषधं त्याच संध्याकाळी आशाताईंच्या मदतीने घरातून हलवली. मुलाला 14416 हा टेली-मानसचा नंबर दिला. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलगा फोनवर रडला. बापाला सांगू नका म्हणाला.

दोन गोष्टी, एक नाव

पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची चाचणी, गुण शून्य ते 27. अण्णांचे आले 14, म्हणजे मध्यम नैराश्य. झोप तुटक, भूक मेलेली, अंगात जोर नाही. आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून एसिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं, थायरॉइड आणि साखर पाहून घेतली. तीन-चार आठवड्यांत झोप सुधारली, जेवण सुधारलं. गुण 9 वर आले. कागदावर प्रकरण उताराला लागलं होतं.

पण सकाळचा "कशाला" तसाच होता. उलट झोप नीट झाल्यावर तो जास्त स्पष्ट ऐकू यायला लागला, असं ते स्वतः म्हणाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1948 च्या व्याख्येत आरोग्य शारीरिक, मानसिक आणि सामाजिक असं तीन अंगांचं आहे. 1984 मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्यात आध्यात्मिक अंगाची दखल घेतली. 1998-99 मध्ये व्याख्येतच तो शब्द घालावा अशी चर्चा झाली, पण व्याख्या आहे तशीच राहिली. तरी संघटनेने जीवनमान मोजायच्या प्रश्नावलीला जोड म्हणून 32 प्रश्नांचा एक संच केला. आठ बाबी, प्रत्येकी चार प्रश्न: जगण्याचा अर्थ, विस्मय, आतली शांती, आशा, श्रद्धा, एकसंधपणा वगैरे. स्वीडनसारख्या देशांत, जिथे माणसं देवाधर्मापासून बरीच लांब गेली आहेत, याला अस्तित्वाचं आरोग्य म्हणू लागले. नाव परकं वाटेल, पण अण्णांचा "कशाला" याच खान्यातला आहे.

मी त्यांना 32 प्रश्न घातले नाहीत. मळ्यातल्या माणसासमोर असा कागद धरला की तो त्याला पीक विम्याचा अर्ज समजतो. बोलता बोलता चार-पाच गोष्टी विचारल्या. कशाने मन भरून यायचं? "पहाटं धार काढताना बादलीत पहिला आवाज येतो ना, रिकाम्या बादलीचा, तो." देवाचं काय? "पांडुरंगावर राग न्हाई ओ. बोलणं बंद आहे." कार्तिकीला गेलात का? "न्हाई. पहिल्यांदाच चुकली." हे उत्तर मी वहीत अधोरेखित केलं. श्रद्धाळू माणूस संकटात देवाशी भांडला किंवा अबोला धरून बसला, तर त्या झगड्याचा ताण वेगळा असतो. तो डॉक्टरही विचारत नाहीत आणि कीर्तनकारही. गावात एकाने प्रारब्धाचा दाखला दिला होता. अण्णा म्हणाले, "म्हशीचं कसलं प्रारब्ध? गाठ म्या मारलेली."

इथे एक शब्द मला फार उपयोगी पडला आणि तो पुस्तकातून आलेला नाही. काकू म्हणाल्या, "ते उदास न्हाईत ओ ताई, खचल्यात." मानसोपचारात नैराश्यापासून वेगळी अशी एक अवस्था मानतात. तिच्यात माणूस क्षणभर हसतो, नातवाच्या फोनवर खुलतो, चव कळते, पण पुढे जायचं कशाच्या जोरावर हे त्याला दिसत नाही. ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड किसेन यांनी कर्करोगाच्या रुग्णांसोबत काम करताना तिच्यावर बरंच लिहिलंय. त्यांना त्यासाठी एक लांबलचक शब्द वापरावा लागतो: डिमॉरलायझेशन. मराठीत तो आधीच होता. काठ खचतो, भराव खचतो, रस्ता खचतो. वरचं सगळं शाबूत दिसतं, खालचं गेलेलं असतं. गोळीने नैराश्य उतरलं होतं. खचलेलं तसंच होतं.

आणि खचलं काय होतं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टल पार्क यांची एक मांडणी आहे. आपण जगाबद्दल एक मोठा समज घेऊन जगतो. प्रसंग त्या समजाशी जुळला नाही, की जितकी फट पडते तितका त्रास होतो. अण्णांचा समज एका वाक्याचा होता आणि तो त्यांनी मला तिसऱ्या भेटीत सांगितला: "आपण काळीला सांभाळायचं, काळी आपल्याला." त्यांच्या वडिलांनी तळ्यातला गाळ बैलगाडीने आणून टाकला होता, त्यांनी ट्रॅक्टरने. रासायनिक खतं कमी, शेणखत जास्त. पन्नास वर्षं शब्द पाळला. करार दुसऱ्या बाजूने मोडला आणि गाऱ्हाणं न्यायला जागा नाही. वर म्हशींच्या बाबतीत करार आपणच मोडला, असं त्यांना वाटत होतं. एकाच पहाटे आपण फसवले गेलो आणि आपणही फसवलं. याच्या मधोमध ते बसले होते.

हिशेब

डिसेंबरमध्ये त्यांनी मला एक हिशेब ऐकवला. तो त्यांनी रात्री अंथरुणात केला होता, कागदाशिवाय. एका एकराचे 43,560 चौरस फूट. एक फूट थर द्यायचा तर 435 ब्रास माती, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. साडेतीन एकरांना दीड हजारावर ब्रास. ट्रॉलीत एक ब्रास धरली तर दीड हजार खेपा. वर्षाला शंभर खेपा टाकल्या तर पंधरा वर्षं.

"म्हंजे अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. "आमच्या घराण्यात अठ्ठ्याहत्तर कुणी पाहिलं न्हाई."

सरकारने ऑक्टोबरमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं जाहीर केली होती. साडेतीन एकर म्हणजे एक हेक्टर चाळीस आर, रोख 65,800 रुपये. पैसे नकोत असं कुणी म्हणत नाही, अण्णाही नाही. पैसा वेळेत आला असता तर माझं काम निम्म्यावर आलं असतं, आणि अस्तित्व-बिस्तित्व हे भरल्या पोटाचे विषय आहेत असं म्हणणाऱ्यांशी मी निम्मी सहमत आहे. पण ज्याला केवायसीसाठी तीनदा, पंचनाम्याच्या यादीतल्या नावासाठी दोनदा आणि फोटोसाठी एकदा खेपा घालाव्या लागतात, त्याला आपलं नुकसान खरं आहे हे सहा वेळा सिद्ध करावं लागतं. सहाव्या वेळी त्याचाच विश्वास उडालेला असतो. हे मी नुसत्या कंटाळ्याच्या अर्थाने म्हणत नाही.

म्हशींचा अर्ज वेगळा. दुभत्या जनावरामागे 37,500 रुपये. शव सापडलं नव्हतं, त्यामुळे साक्षी-पुरावे लागणार होते. तेवढी अडचण नव्हती, शेजारचा पोरगा साक्षीला तयार होता. अण्णाच सही करत नव्हते.

घटातली माती

जानेवारीत एका भेटीत अण्णा बाहेर गेलेले आणि काकू एकट्या होत्या. दोन महिने मी त्यांच्याशी फक्त गोळ्यांचं बोलत होते. घरातल्या बाईला आपण औषध देणारी म्हणूनच मोजतो. ही माझी दुसरी चूक.

त्यांनी देव्हाऱ्याखालून एक पितळी पातेलं काढलं. आत माती, काळीभोर, सुकून ढेकळं झालेली. घट बसवायला रानातली माती लागते. सर्वपित्री अमावस्येला, रविवारी संध्याकाळी, त्यांनी ती रानातून पदरात आणली होती. सोमवारी घट बसला. दसऱ्याला उगवलेलं धान डोक्यात खोवतात, उरलेलं आणि माती परत रानात नेऊन टाकतात. "पर टाकायची कुटं? मुरमावर?" म्हणून ठेवून दिली. साडेतीन एकरांतली तेवढीच माती घरात होती. अण्णांना हे माहीत नव्हतं.

मग त्या स्वतःहून माहेरचं बोलल्या. माहेर लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या जवळ. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चार वाजायच्या थोडं आधी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती पोचवून माणसं दमून झोपलेली. किल्लारीच्या त्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली. काकूंचा भाऊ, भावजय आणि दोन भाचे त्यात होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं अंगावर आलं. काकू तेव्हा सव्वीस वर्षांच्या, पदरात तान्हं मूल.

"मी तिथं तेरा दिवस भाकरी केल्या. मोजून करायची. काल एकशे चाळीस, आज एकशे साठ. कुणी इचारलं न्हाई का झालं म्हणून. इचारायला येळ नव्हता. गावाला परत आल्यावर मग रात्री आवाज यायला लागले. हे शेजारी घोरायचे." त्या हसल्या. "ह्यांना कवा सांगितलंच न्हाई. माहेरचं दुःख सासरी कोण ऐकतं?"

मी विचारलं, अण्णांसमोर सांगाल? पुढच्या भेटीत त्यांनी सांगितलं. भाकऱ्यांचा आकडा, भाच्यांची नावं, घोरणंसुद्धा. बत्तीस वर्षं हे मनात ठेवलेल्या बायकोकडे अण्णा नवीन माणसाकडे बघावं तसे बघत होते. मग पातेलं बाहेर आलं. त्यांनी बोटाने ढेकूळ फोडलं, वास घेतला, पातेलं परत दिलं. "ठेव," एवढंच म्हणाले.

या भेटीनंतर काही बदललं, असं लिहायचा मोह मला होतो आहे. तसं काही दिसलं नाही. पण त्या रात्री ते दोघं उशिरापर्यंत बोलत बसले होते, असं काकू म्हणाल्या.

बेचाळीस पावलं

माझी योजना वेगळीच होती. रोज अर्धा तास चालायचं, आठवड्यातून दोनदा भजनाला जायचं, गाईंची धार स्वतः काढायची. अण्णा हे सगळं करत होते, गोळी घ्यावी तसं. विचारलं की सांगत, "केलं."

फेब्रुवारीत मी गेले तर ओसरी रिकामी. "रानात गेल्यात. बांध दाखवाया," काकू म्हणाल्या.

पुराने माती नेली तसे बांधही नेले. हद्दीचे दगड, बाभळी, लिंब, पाऊलवाट, काही राहिलं नव्हतं. जिथे सात-आठ भाऊबंदांच्या पट्ट्या होत्या तिथे एकच सपाट, गोट्यांचं पात्र. मोजणीवाले यंत्र घेऊन येतात, गटाचा नकाशा असतो, उपग्रहावरून रेषा निघते. पण गटाच्या आतल्या तोंडी वाटण्या नकाशावर नसतात. यंत्राने दाखवलेली रेषा ज्याच्या अंगावर येते तो ती मानत नाही. दोन सख्खे भाऊ भांडत भांडत रात्री अण्णांच्या ओसरीवर आले होते. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. ती मारायला आणली नव्हती, पण होती. त्यांच्या बापाची वाटणी झाली तेव्हा हजर असलेला, अजून जिवंत असलेला माणूस गावात एकच होता.

अण्णा उठले. बॅटरी घेऊन त्याच रात्री रानात गेले, दोघांना मागे घेऊन. जुन्या विहिरीचं दगडी तोंड गाळाने भरलं होतं, पण जागेवर होतं. तिथे उभं राहून म्हणाले, हितून मावळतीला बेचाळीस पावलं, तिथं तुमच्या आज्ज्याचा लिंब. मोजली. कुदळीने खणलं तर हातभर खाली लिंबाच्या मुळ्या निघाल्या.

त्यानंतर लोक यायला लागले. ग्राम महसूल अधिकारी, पंचविशीतला पोरगा, त्याने यंत्राच्या खुणांसोबत अण्णांना घेऊन फिरायला सुरुवात केली. कुठल्या बांधावर कोणतं झाड होतं, कुठल्या सालच्या दुष्काळात कुणी कुणाला वाट दिली, सामाईक पाट कुठून जायचा, हे सगळं त्या एका डोक्यात होतं. मी गेले त्या दिवशी ते मुरमावर उभे होते आणि हातातल्या सुतळीच्या दुसऱ्या टोकाला शाळेतलं एक पोरगं होतं. दाढी केलेली होती. मला बघून म्हणाले, "ताई, आज जमायचं न्हाई. तीन बांध राहिल्यात."

तीन महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदाच नकार दिला. गाडीत बसून मी ते वहीत लिहिलं, वेळेसह.

मी हे घडवून आणलं नाही, आणि आणता आलंही नसतं. "अण्णा, तुमच्या आठवणी गावाच्या कामी येतील" असं मी सुचवलं असतं तर ते नातवाकडे बघण्यासारखंच झालं असतं. फरक असा, की त्या रात्री ओसरीवर आलेल्या भावांना अण्णांना बरं करायचं नव्हतं. त्यांना बांध हवा होता. जे रान वाहून गेलं, त्याचा नकाशा वाहून गेला नव्हता, तो याच माणसात होता, आणि त्याच्यावाचून सात घरांचं अडलं होतं. फ्रँकल यांच्या पहिल्या वाटेला काही घडवावं लागतं असं मी समजत होते. इथे मोडलेल्याची जागा सांगण्यापलीकडे घडवायचं काहीच नव्हतं.

आता अशा प्रकरणात मी आधी एक गोष्ट शोधते: या माणसावाचून कुणाचं काय अडलंय, खरोखर अडलंय? गावात ते बहुधा असतं. शहरात शोधायला वेळ लागतो. कधी सापडतच नाही, आणि मग आपण पुन्हा अर्धा तास चाला म्हणतो.

एप्रिलमधली नोंद

पीएचक्यू-9 चे गुण 5. औषध अजून चालू, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करायचं नाही हे दोघांना दोनदा सांगितलं, कारण बरं वाटलं की गोळी सोडणं हा आपला राष्ट्रीय स्वभाव आहे. मुलाने पैसे पाठवले, आणि दहा गुंठ्यांवर अर्धा फूट गाळ पडला. पन्नासपेक्षा थोड्या जास्त खेपा. बाकीचा मुरूम तसाच. काकूंनी पातेल्यातली माती त्या दहा गुंठ्यांत नेऊन टाकली. सोबत अण्णा होते, पण बांधावर उभे राहिले.

पखवाज देवळातच आहे. नववीतलं एक पोरगं वाजवतं, ताल चुकतं. अण्णा एकादशीला जाऊन कणीक मळून देतात आणि मागे बसतात. पांडुरंगाशी बोलणं सुरू झालं का, मी विचारलं. "त्यो बोलला तर बघू."

सकाळचा "कशाला" येतो का? येतो. रोज नाही. आला तर किती वेळ टिकतो? "चा होईस्तोवर."

गोठ्यात एक वगार आणलीय, मुलाच्या आग्रहाने. अण्णा तिला नाव ठेवत नाहीत. तिचं दावं त्यांनी सुरगाठीने बांधलंय आणि विळा गोठ्याच्या आढ्यालाच खोचलेला असतो. रात्री दोनदा उठून ते गाठ बघतात. हे दोनदा उठणं काळजीचं लक्षण धरायचं की शहाणपणाचं, यावर आमच्या बैठकीत एकमत झालं नाही. मी वहीत फक्त "उठतात, दोनदा" असं लिहिलंय.

म्हशींच्या भरपाईचा अर्ज अजून पत्र्याच्या पेटीत आहे, सहीशिवाय. मुदत केव्हाच संपली. काकू त्यावरून अजून चिडतात, पाऊण लाख रुपये म्हणजे काय चेष्टा आहे का, म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे.